सुईची पाव फेरी

एन.सी.सी.च्या एअर विंगमध्ये एक पद असतं, नाव मालगाडीसारखं लांब: एरो मॉडेलिंग इन्स्ट्रक्टर कम स्टोअरकीपर. आमच्या कॉलेजातल्या सरांचा भर यातल्या उत्तरार्धावर जास्त होता. कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असायची आणि कपाट उघडलं की आधी वही निघायची, मग वस्तू. बाल्साच्या पट्ट्या, रंगीत टिश्यू कागद, कागदावर फासायच्या डोपची बाटली आणि सगळ्यात खालच्या खणात तेलकट फडक्यात गुंडाळलेली मुठीएवढी इंजिनं. फडकं सोडलं की वास यायचा तो एरंडेलाचा. लहानपणी ज्यांना नाक दाबून चमचाभर एरंडेल पाजलं गेलंय, त्यांना हा वास अठरा-एकोणिसाव्या वर्षी विमानाच्या इंजिनातून भेटावा, हा माझ्या मते नियतीने केलेला किरकोळ विनोद आहे.

एरंडेल तिथे हौसेनं आलेलं नाही. या छोट्या टू-स्ट्रोक इंजिनांना तेलाची वेगळी टाकी नसते. वंगण इंधनातच मिसळावं लागतं. इंधन बहुतेक मिथेनॉल, आणि मिथेनॉलमध्ये एरंडेल छान विरघळतं. शिवाय इंजिन तापून लाल व्हायच्या बेतात असतानाही ते धातूवर टिकून राहतं. पहिल्या महायुद्धातल्या विमानांची गरगर फिरणारी रोटरी इंजिनंही एरंडेलावरच चालत आणि वैमानिकांच्या नाकातोंडात त्याचा फवारा जाई. आज कृत्रिम तेलं निघाली आहेत, ती स्वच्छ जळतात, तरी जुने लोक इंधनात थोडं एरंडेल ठेवतातच. साधारण मिश्रण असं: पाचवा हिस्सा तेल, पाच ते पंधरा टक्के नायट्रोमिथेन, उरलेलं मिथेनॉल. मिथेनॉल विषारी आहे, कातडीतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्वाळा भर उन्हात दिसतच नाही. सर सिगारेट ओढायचे, पण इंधनाची बाटली बाहेर आली की पाकीट आत जायचं.

इंजिन सुरू कसं करायचं, हा पहिला धडा. इंजिन लाकडी फळीवर चार स्क्रूंनी आवळलेलं, पुढे दहा-सहाचा पंखा. दहा म्हणजे पंख्याची लांबी इंचात; सहा म्हणजे एका फेरीत तो लोण्यातल्या स्क्रूसारखा सहा इंच पुढे जाईल, असा पीळ. माथ्यावर ग्लो प्लग, त्याला दीड व्होल्टची बॅटरी जोडलेली. प्लग बाहेर काढून दाखवला तर आत केसाएवढ्या तारेचं वेटोळं नारिंगी तापलेलं दिसतं. हवा येण्याच्या तोंडावर बोट धरून पंखा दोनदा फिरवायचा, म्हणजे इंधन नळीतून पुढे सरकतं. मग झटका. आणखी एक झटका. पुन्हा झटका. काहीच होत नाही. आणि "बॅटरी उतरली असेल" असं म्हणायला आपण तोंड उघडतो, तेवढ्यात ते जिवंत होतं.

माझ्या तर्जनीवर त्या दिवसाची खूण अजून आहे. पंख्याला झटका द्यायला बोटाऐवजी काठी वापर, असं सरांनी दोनदा सांगितलं होतं. इंजिन उलटं पेटलं आणि पंख्यानं बोट चाटून नेलं. पुढे कधीतरी मी हिशेब मांडला: दहा इंचांचा पंखा मिनिटाला दहा हजार फेऱ्या घेत असेल, तर त्याचं टोक ताशी पावणेपाचशे किलोमीटरच्या वेगानं जात असतं. माझं तर नुसत्या उलट्या झटक्यावर भागलं. सरांनी बोटाला टिंचर लावलं, वहीत काहीतरी लिहिलं आणि म्हणाले, "आता सुईकडे बघ."

ही सुई म्हणजेच नीडल व्हॉल्व्ह. हवेत किती इंधन मिसळायचं ते हा बारीक स्क्रू ठरवतो. सुई सैल असली की मिश्रण रिच: धूर दाट, आवाज जड आणि अडखळता, घशात कफ अडकल्यासारखा. उजवीकडे आवळत गेलं की एका क्षणी आवाज फुटतो, सलग होतो, तार लागावी तसा चढतो. नवशिक्याला वाटतं, जमलं. सर मात्र तिथून सुई पाव फेरी मागे घ्यायचे. इंजिन थोडं नाराज, थोडं जाड आवाजात ठेवायचं. का, ते विमानाचं नाक वर उचलून दाखवायचे. नाक वर झालं की टाकीतलं इंधन इंजिनाच्या खालच्या पातळीला जातं, ते वर चढायला जड होतं आणि मिश्रण आपोआप कोरडं पडतं. जमिनीवर शेवटच्या टोकाला आवळलेलं इंजिन म्हणून आकाशात शिरता शिरता बंद पडतं. किंवा त्याहून वाईट, बंद न पडता चालत राहतं. वंगण इंधनातूनच येतं ना? इंधन कमी म्हणजे तेलही कमी. नव्या इंजिनाच्या पहिल्या काही टाक्या तर मुद्दाम रिचच चालवायच्या असतात. पिस्टन आणि सिलिंडर एकमेकांना सरावेपर्यंत.

या इंजिनाला ना डिस्ट्रिब्युटर, ना मॅग्नेटो. एकदा सुरू झालं की बॅटरीही काढून घेतात, तरी ते चालूच. मला हे कित्येक दिवस जादूसारखं वाटायचं. खरं कारण त्या केसाएवढ्या तारेत आहे. तार प्लॅटिनमच्या मिश्रधातूची असते, आणि प्लॅटिनमच्या पृष्ठभागावर मिथेनॉलच्या वाफेची हवेशी रासायनिक क्रिया होऊन उष्णता सुटते. त्या उष्णतेनं आणि आधीच्या स्फोटाच्या धगीनं तार पुढच्या स्फोटापर्यंत तापलेली राहते. हा ग्लो प्लग १९४७ साली अमेरिकेत रे आर्डेन यांनी बाजारात आणला. त्याआधीची इंजिनं स्पार्कवर चालत. विमानाला कॉइल, कंडेन्सर, बॅटरी असं सगळं ओझं अंगावर वागवावं लागे. बिल ब्राऊन नावाच्या तरुणानं केलेलं इंजिन बसवून मॅक्सवेल बॅसेटनं १९३३ च्या अमेरिकी राष्ट्रीय स्पर्धेत पिळलेल्या रबरावर उडणाऱ्या विमानांना मागे टाकलं, तेव्हापासून छोट्या इंजिनांचं युग सुरू झालं असं धरतात. पुढे आलेल्या 'ब्राऊन ज्युनियर'ची क्षमता दहा सीसी. आपल्या साध्या स्कूटरचं इंजिन त्याच्या दहापट असतं.

रबराला मात्र कमी लेखू नये. आल्फोन्स पेनोनं १८७१ च्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या तुइलरी बागेत पिळलेल्या रबरावर आपलं 'प्लॅनोफोर' उडवलं, ते अकरा सेकंदांत चाळीस मीटर गेलं. शेपूट कुठे हवी, पंखाची टोकं किंचित वर का हवीत, हे त्यात होतं. राइट बंधूंना वडिलांनी लहानपणी आणून दिलेलं उडतं खेळणंही पेनोच्याच धर्तीचं, रबरावर चालणारं होतं.

गंमत म्हणजे रेडिओ आला तेव्हाही रबर सुटलं नाही. मिशिगनमधल्या कॅलामाझूचे जुळे भाऊ वॉल्टर आणि विल्यम गुड. एकाला विमानं बांधण्याचा नाद, दुसऱ्याला हॅम रेडिओचा. १९३७ साली त्यांनी 'गफ' नावाचं आठ फुटी विमान रेडिओवर उडवलं. पुढच्या वर्षी राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. ते विमान आज स्मिथसोनियनच्या हवाई संग्रहालयाकडे आहे. त्या काळच्या रेडिओत सुकाणू ढकलण्याची ताकद कुठली? रेडिओ फक्त एक खटका सोडवायचा, सुकाणू वळवायचं काम पिळलेलं रबर करायचं. एक खटका: उजवीकडे. दुसरा: मध्ये. तिसरा: डावीकडे. मागचा खटका कोणता होता हे विसरलात, तर विमान तुम्हाला आठवण करून द्यायचं.

या छंदाचा हॉलीवूडशी संबंध कुणी सांगितला तर मी पूर्वी हसलो असतो. रेजिनाल्ड डेनी हा इंग्रज नट हॉलीवूडमध्ये खेळातल्या विमानांचं दुकान चालवायचा. तिथून तो लष्करासाठी तोफांच्या सरावाची, रेडिओवर चालणारी विमानं बनवू लागला. त्याच्या रेडिओप्लेन कंपनीनं ती हजारोंनी पुरवली. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस लष्कराचा एक छायाचित्रकार त्या कारखान्यात गेला आणि पंखा हातात धरलेल्या एका कामगार मुलीचे फोटो काढून आला. नाव नॉर्मा जीन. जगाला ती पुढे मेरिलिन मन्रो म्हणून माहीत झाली. दुसरी नटी हेडी लामार. संगीतकार जॉर्ज अँथाइलबरोबर तिनं १९४२ साली एक पेटंट घेतलं: टॉर्पेडोला दिले जाणारे रेडिओ संकेत एका लहरीवरून दुसरीवर उड्या मारत जावेत, म्हणजे शत्रूला ते अडवता येणार नाहीत. आज मैदानावर वीस जण एकाच वेळी २.४ गिगाहर्ट्झवर विमानं उडवतात आणि कुणाचं कुणाशी भांडण होत नाही, यामागे अशीच लहरींची उडवाउडवी आहे. पूर्वी तसं नव्हतं. प्रत्येकाच्या संचात ठरावीक लहरीचा क्रिस्टल असे. आपल्या लहरीची चिमटी फळ्यावरून काढून घेतल्याशिवाय ट्रान्समीटर सुरू करायचा नाही, हा मैदानावरचा कडक नियम. कुणी विसरला की दुसऱ्याचं विमान आकाशातून दगडासारखं यायचं.

आज सुरुवात करणाऱ्यानं इंजिन घ्यावं की बॅटरी? माझं मन एरंडेलाकडे ओढतं, पण सल्ला मी बॅटरीचाच देतो. फोमचं विमान, ब्रशलेस मोटर, तीन सेलची ११.१ व्होल्टची लिथियम पॉलिमर बॅटरी. पडलं तर डिंक लावून संध्याकाळी पुन्हा उडतं. हात बसेपर्यंत इंजिनाच्या कटकटीत पडू नये. फक्त ही बॅटरी गरीब दिसते, तशी नाही. भरताना सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर नेली, फुगलेली असताना वापरली किंवा पडून चेपलेली तशीच चार्ज केली, तर पेटते आणि सहज विझत नाही. भरत असताना घराबाहेर जाऊ नये, आणि ठेवून द्यायची तर सेलमागे ३.८ व्होल्टवर ठेवावी.

विमान मात्र ट्रेनरच हवं: पंख वर, टोकं किंचित उचललेली, म्हणजे हात सोडला तर ते स्वतःच सरळ होतं. दुकानात लढाऊ विमानांची मॉडेल्स खुणावतात. त्यांचे पैसे दुसऱ्या वर्षासाठी राखून ठेवावेत. उडवण्याआधी पंखाखाली दोन बोटं धरून विमान तोललं पाहिजे. पंखाच्या पुढच्या कडेपासून रुंदीच्या पाव हिश्श्यावर किंवा किंचित मागे ते आडवं राहिलं, तर ठीक. शेपूट जड असेल तर उडवू नका. नाकात शिशाचा तुकडा चिकटवा, वजन वाढलं तरी चालेल.

उडवणं शिकताना सगळ्यांची फसगत एकाच ठिकाणी होते. विमान आपल्यापासून लांब जात असतं तोवर उजवं ते उजवंच असतं. वळून आपल्याकडे यायला लागलं की त्याचं उजवं आपलं डावं होतं, आणि बोटांना हे पटायला काही आठवडे लागतात. जो पंख खाली झुकलेला दिसेल, त्या बाजूला ट्रान्समीटरची काठी ढकलायची, असा सरांचा तोडगा होता. तो मला तोंडपाठ होता. तरीही माझं पहिलं ट्रेनर समोरून येताना मी उलटी काठी दिली आणि ते सोलापूर रस्त्यालगतच्या डोक्याएवढ्या ज्वारीत शिरलं. दिसत होतं तेव्हा चारशे फुटांवर वाटलं होतं. शोधायला दोन तास गेले. शेतमालकाच्या नातवानं ते शेवटी आवाजावरून हुडकलं, कारण सुकाणू हलवणारी छोटी मोटर, म्हणजे सर्व्हो, अजून कुरकुरत होती. आजोबांनी मोडलेली ताटं मोजली, विमान हातात घेऊन वजन बघितलं आणि विचारलं, "एवढ्याला किती खर्च आला?" मी सांगितला. त्यांनी ज्वारीचे पैसे मागितले नाहीत.

उडवायची जागा हा आता वेगळाच प्रश्न आहे. ड्रोन नियम, २०२१ आल्यापासून आधी सरकारी नकाशा बघावा लागतो: हिरवा भाग, पिवळा, लाल. हिरव्यात ४०० फुटांपर्यंत मुभा. विमानतळ आणि लष्करी ठाण्यांच्या आसपास वेगळे नियम. वेळ मात्र नकाशा सांगत नाही. आमच्याकडे उडवायचे दिवस दिवाळीनंतरचे. पहाटेची गार, मुकी हवा नऊ-साडेनऊपर्यंत टिकते. मग जमीन तापते, घारी पंख न हलवता गोल गोल चढायला लागतात. नवशिक्यानं तेव्हा विमान पेटीत भरावं. सराईत माणूस तेव्हा बिनइंजिनाचं ग्लायडर काढतो आणि घारींच्या खाली जाऊन उभा राहतो.

सुईकडे परत येतो. मेनार्ड हिल या अमेरिकी गृहस्थांची गोष्ट सरांना कळली असती तर त्यांनी ती वहीत नोंदवली असती. वय ७७, डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं, कानांनीही साथ सोडलेली. त्यांना खेळातल्या विमानानं अटलांटिक ओलांडायचा होता. विक्रमाच्या नियमानुसार इंधनासह वजन पाच किलोंच्या आत हवं. विमान बाल्साचं, पंख सहा फुटी. उड्डाणावेळच्या वजनापैकी निम्म्याच्या जवळपास नुसतं इंधन, तेही कंदील-स्टोव्हमध्ये वापरतात त्या जातीचं. इंजिन जपानी ओ.एस. कंपनीचं, दहा सीसीचं फोर-स्ट्रोक. पण त्यांनी ते ताकदीसाठी नाही, कमीत कमी पिण्यासाठी बदलून घेतलं. हिशेब केला तर तासाला साठ ग्रॅमच्या आसपास इंधन भरतं. सरांच्या पाव फेरीची चैन इथे परवडणारी नव्हती. सुई थोडी सैल राहिली की विमान आयर्लंडच्या अलीकडेच समुद्रात.

आधीची विमानं खरंच समुद्रात गेली. ९ ऑगस्ट २००३ ला न्यूफाउंडलंडच्या केप स्पिअरवरून 'टॅम-५' हातानं फेकलं गेलं. नजरेआड होईपर्यंत रेडिओ, पुढे जी.पी.एस.वर चालणारा स्वयंचालक. ३८ तास ५२ मिनिटांनी, ३,०२८ किलोमीटर तोडून ते आयर्लंडच्या क्लिफडनजवळ मॅनिन किनाऱ्यावर दिसलं. १९१९ साली विमानानं अटलांटिक ओलांडून वैमानिक अल्कॉक आणि ब्राऊन ज्या गावाजवळच्या दलदलीत उतरले होते, तेच क्लिफडन. तिथे उभे असलेले हिल यांचे साथीदार डेव्ह ब्राऊन यांनी ट्रान्समीटर हातात घेऊन ते गवतावर उतरवलं. हिल अटलांटिकच्या पलीकडच्या काठावर फोनशी बसले होते. टाकीत तळाशी थोडं इंधन उरलेलं होतं.