छायाचित्राचा कागद : तकतकीत की मंद?

काळ्यापांढऱ्या छायाचित्राची प्रत काढावयास गेलेल्या गृहस्थास दुकानदार विचारतो, ‘ग्लॉसी देऊ की मॅट?’ ‘चांगला असेल तो द्या,’ असे सांगून बहुतेक मंडळी मोकळी होतात. वस्तुतः या दोहोंपैकी एक कागद स्वभावतःच चांगला व दुसरा हिणकस, असे मुळीच नाही. परंतु आजोबांचे एकुलते एक छायाचित्र विटत चालले असून त्याचीच नवी प्रत काढावयाची असली, म्हणजे हा प्रश्न किरकोळ राहत नाही. यास्तव त्याचे थोडे विवरण करण्याचे आम्ही योजिले आहे.

माहूरच्या किल्ल्याचा तट ज्यांनी वैशाखात पाहिला व पुन्हा श्रावणात पाहिला, त्यांस यातील मर्म समजावयास वेळ लागणार नाही. उन्हात करडा दिसणारा दगड पावसाची सर येऊन जाताच काळाभोर दिसू लागतो. दगडाचा रंग पालटला काय? नाही. कोरडा दगड खडबडीत असल्यामुळे त्यावरील उजेड चहूकडे विखुरतो, आणि आपण कोठेही उभे राहिलो तरी त्यातील काही अंश डोळ्यांत येऊन काळ्यावर पांढुरकी झाक पसरवितो. पाण्याने बारीक खळगे भरले की वरचा उजेड एकाच दिशेने परततो. ती दिशा टाळून पाहणाऱ्यास खरा काळा रंग दिसतो. मॅट कागद हा वैशाखातील दगड होय, व ग्लॉसी हा श्रावणातील. अंधाऱ्या खोलीत स्वतः प्रती काढणाऱ्यांस तर हा अनुभव नित्याचाच : पाण्यातून काढलेली मॅट प्रत मोठी गहिरी वाटते, आणि वाळली की फिकी पडते.

हा फरक मोजताही येतो. ग्लॉसी कागदावरील गडद काळा भाग आपल्यावर पडलेल्या उजेडाच्या शंभर भागांपैकी जेमतेम 1 भाग परत पाठवितो. मॅट कागदावरील काळा 2 ते 2½ भाग पाठवितो. पांढरा मात्र दोहोंचा जवळजवळ सारखाच.

कागदाची घडणही त्यास अनुरूप असते. कागदावर प्रथम बेरियम सल्फेटचा शुभ्र लेप, व त्यावर चांदीचे क्षार मिसळलेले जिलेटिन. हे थर गुळगुळीत राखले म्हणजे ग्लॉसी. त्यांत पिठूळ कण मिसळले म्हणजे मॅट. पूर्वी खरी तकाकी आणण्यासाठी ओली प्रत काचेवर किंवा चकचकीत पत्र्यावर पालथी घालून वाळवीत असत. 1970 नंतर प्लास्टिकचा लेप दिलेले कागद सर्वत्र झाले व तो खटाटोप सुटला. तकाकीची ही हौस मात्र जुनी. आरंभीचा मिठाचा कागद मंदच होता. 1850 मध्ये फ्रान्समधील ब्लँकार-एव्हरार याने अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा लेप काढला आणि चित्रास चमक आली. मराठवाडा निजामाच्या राज्यात असताना सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844–1905) यांनी याच बलकाच्या कागदावर असंख्य प्रती काढल्या.

मग मॅट हवाच कशाला? कारण ग्लॉसी कागद हा अर्धा आरसा असतो. दारासमोरच्या भिंतीवर टांगलेल्या तसबिरीत चेहऱ्याऐवजी दारच दिसावे, हा प्रकार कोणी पाहिला नाही? (जुन्या घरांतून तसबिरी पुढे कलत्या टांगीत, त्याने ही झळाळी बरीच टळते.) शिवाय ग्लॉसीवर बोटांचे ठसे उमटतात आणि जुन्या चित्रावरील ओरखडे नव्या प्रतीतही स्पष्ट दिसतात, मॅट त्यांस बरेचसे पोटात घालतो, व त्यावर पेन्सिलीने डागडुजीही करता येते. सर्वांत मोठे भय पावसाळ्याचे. काचेस टेकलेली प्रत, विशेषतः ग्लॉसी, दमटपणाने काचेस चिकटते. मग ती ओढून काढू जाता चेहराच काचेवर राहतो. म्हणून चौकट कोणतीही असो, काच व प्रत यांमध्ये जाड पुठ्ठ्याची किनार घालून अंतर ठेवावे.

तेव्हा आमचे मत असे : पांडवलेण्यांतील काळोखे खांब किंवा पुराने फुगलेली पैनगंगा, अशी हातात धरून न्याहाळावयाची चित्रे ग्लॉसीवर काढावी. भिंतीवरच्या चेहऱ्यास मॅट बरा. मात्र पुढेमागे छापण्यासाठी वा प्रतीवरून प्रत काढण्यासाठी गुळगुळीत ग्लॉसीच उपयोगी पडते. खरखरीत कागदाचे कण यंत्र टिपून घेते आणि ते गालावर देवीच्या व्रणांसारखे उमटतात. आजोबांच्या चित्राच्या म्हणूनच दोन प्रती घ्याव्या. मॅट भिंतीवर लावावी; ग्लॉसी कोऱ्या कागदाच्या पाकिटात घालून कोरड्या पेटीत ठेवावी, आणि पाकिटावर आजोबांचे पूर्ण नाव, गाव व साल लिहावयास विसरू नये.