खडीच्या वाटेची सायकल

सायकल घ्यायची आहे. घरात पैसे जमले आहेत. कापूस विकून आले असतील, मजुरीतून वाचवले असतील. पैसा घामाचा आहे. तो विचार करूनच खर्च करायला हवा.

दुकानात सायकली कितीतरी. एकीचे टायर बारीक, एकीचे जाड. एकीला पुढे स्प्रिंग, एकीला पुढे आणि मागेही. रंग तर असे, की डोळे दिपतात! यातली कोणती घ्यावी? या पाठात आम्ही तेच सांगणार आहोत.

आधी आपली वाट पाहा

दुकानात जाण्याआधी रोजची वाट डोळ्यांपुढे आणा. आपल्या नंदुरबार जिल्ह्यात वाटा दोन तऱ्हेच्या. तापीकाठी, शहादा-प्रकाशाकडे, सपाट काळी जमीन. उन्हाळ्यात तिथे धूळ आणि भेगा, पावसाळ्यात चिकट गारा. वर सातपुड्यात, धडगाव, मोलगी, तोरणमाळकडे, चढ-उतार. मुरूम, खडी, सुटे दगड, मधेच ओहळ. डांबरी सडक पुष्कळ ठिकाणी पोचली. पण सडकेपासून पाड्यापर्यंतची वाट अनेकदा कच्चीच असते.

वाट कशी, तशी सायकल. शेजाऱ्याने घेतली म्हणून आपणही तीच घ्यायची, असे करू नये.

हवा हीच पहिली स्प्रिंग

उत्तर आयर्लंडमध्ये बेलफास्ट नावाचे शहर आहे. तिथे जॉन डनलॉप नावाचा जनावरांचा डॉक्टर राहत होता. त्याच्या लहान मुलाजवळ तीन चाकांची सायकल होती. चाके कडक. दगडी रस्त्यावर पोराला धक्के बसत. बापाने १८८८ साली रबराच्या नळीत हवा भरली आणि ती चाकांवर बसवली. धक्के कमी झाले, सायकल पळूही लागली. पुढे जगभर सायकलींना हवेचे टायर आले.

यात नवल काय? लोखंडी धावेची बैलगाडी आठवा. दगडावरून गेली की हाडे खिळखिळी होतात. रबरी टायरच्या गाडीत तेवढे हादरे बसत नाहीत. टायर दगडावर थोडा दबतो. दगडाचा धक्का हवेत जिरतो. म्हणजे टायरातली हवा हीच सायकलची पहिली स्प्रिंग. ती प्रत्येक सायकलला असतेच. तिचे वेगळे पैसे पडत नाहीत.

आता बारीक टायर पाहा. त्यात हवा थोडी मावते. म्हणून ती गच्च भरावी लागते. गच्च टायर दगडावर दबत नाही, उडतो. हवा कमी केली, तर दगड थेट रिंगेवर आदळतो. मधे ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोके पडतात. रुंद टायरात हवा जास्त मावते. ती थोडी नरम ठेवली तरी रिंग वाचते. नरम टायर खडीवर पकड धरतो, वाळूत कमी रुततो.

अमेरिकेत कॅन्सस नावाचे राज्य आहे. तिथल्या एम्पोरिया गावी २००६ साली खडीच्या वाटांवरून सायकलींची शर्यत सुरू झाली. मोठी शर्यत दोनशे मैलांची, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटर! अशा वाटांसाठी बनवलेल्या सायकलीला ग्रॅव्हल बाईक म्हणतात. ग्रॅव्हल म्हणजे खडी. तिचे टायर बहुधा ४० मिलिमीटरच्या आसपास रुंद असतात. अशा बऱ्याच सायकलींना स्प्रिंग मुळी नसतेच. सारी भिस्त टायरवर.

आणि एक गंमत सांगू? आपल्या आजोबांची काळी सायकल आठवा. तिचा टायर दीड इंच, म्हणजे ३८ मिलिमीटर. जवळजवळ तेवढाच! शिवाय सीटखाली दोन स्प्रिंगा. त्या माणसांनी कच्च्या वाटा उगीच नाही तुडवल्या.

टायर वाचा

तुम्हाला आता वाचता येते. तर टायर वाचा. टायरच्या कडेला आकडे उठवलेले असतात. तिथे ‘२६ x १.९५’ असे असेल. पहिला आकडा चाकाची उंची सांगतो, दुसरा रुंदी. दोन्ही इंचांत. एक इंच म्हणजे सुमारे २५ मिलिमीटर. हे आकडे बहुधा इंग्रजी असतात. तेवढे दहा आकडे ओळखायला शिका. फार कामाला येतात.

किती रुंद घ्यावा? बहुतेक डांबरी सडक आणि थोडी शेतवाट असेल, तर दीड इंच पुरतो. रोज दगड-खडीची वाट असेल, तर दोन इंचांच्या आसपास घ्यावा. रुंद टायरची नक्षी फार खोल असेल, तर तो डांबरावर जड चालतो. सपाटीवर राहणाऱ्यांनी उथळ नक्षी पाहावी.

एक ठकण्याची जागा सांगून ठेवतो. ‘२६ x १ ३/८’ आणि ‘२६ x १.९५’, दोन्हींत २६ आहे. पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिंगेवर बसत नाही. त्यासाठी टायरवर आणखी एक जोडी असते. पहिल्यावर ३७-५९०, दुसऱ्यावर ५०-५५९ अशी. यातला मागचा आकडा रिंगेचा. नवा टायर घेताना तो जुळलाच पाहिजे. घरच्या वहीत लिहून ठेवा.

चाक आणि मडगार्ड यांत बोटभर तरी फट हवी. नाही तर काळ्या मातीचा गारा मधे अडकतो आणि चाक फिरेनासे होते. ट्यूबचे तोंडही पाहा. रुंद टायरच्या पुष्कळ ट्यूबांना मोटारसायकलसारखे तोंड असते. त्याला घरचा जुना पंप बसत नाही.

शॉकअप हवा की नको?

स्प्रिंगवाल्या चिमट्याला आपण शॉकअप म्हणतो. सायकली तीन तऱ्हेच्या मिळतात. शॉकअप नसलेली, फक्त पुढे असलेली, आणि पुढे-मागे असलेली.

आमच्यातल्या एका कार्यकर्त्याने पुढे-मागे शॉकअप असलेली, स्वस्तातली सायकल घेतली. तळोद्याहून चांदसैली घाटाकडे निघाला. चढावर पाय मारला की मागची स्प्रिंग दबे, पुन्हा वर येई. पायांचे निम्मे बळ स्प्रिंगच खाते आहे, असे त्याला वाटू लागले. शेवटी उतरून ढकलत नेली. मागे ज्वारीचे पोते बांधायचे होते. तर कॅरिअर नीट बसेना. कारण मागचे चाकच खाली-वर हलत होते. एका पावसाळ्यात पुढचा शॉकअप चिखलाने गच्च झाला. गावचा मिस्त्री म्हणाला, “भाऊ, याचं सामान माझ्याकडे नाही. शहरात न्या.” शहराची खेप झाली, एक दिवसाची मजुरी बुडाली.

म्हणून आमचे सांगणे असे. स्वस्तातली मागची स्प्रिंग घेऊ नये. ओझे वाहायचे असेल, तर मुळीच नको. पुढचा शॉकअप वाईट नाही. दगडी उतारावर मनगटे आणि खांदे वाचतात. पण त्याने वजन वाढते आणि निगाही वाढते. तो घ्यायचाच असेल, तर दुकानात पारखून घ्या. पुढचा ब्रेक दाबून धरा आणि हँडलवर भार द्या. शॉकअप सावकाश खाली जावा, सावकाश वर यावा. करकर नको. मग हँडल पुढे-मागे हलवा. खटखट वाजले, तर ढिला आहे. काही शॉकअपना वर एक खुंटी असते. ती फिरवली की स्प्रिंग बंद होते. चढावर ती उपयोगी पडते.

तेच पैसे दोन ठिकाणी लावता येत असतील, तर आधी चांगले टायर आणि चांगले ब्रेक घ्या. घाटात चढताना दम लागतो, पण जीव जातो तो उतारावर. पुढचा आणि मागचा, दोन्ही ब्रेक भक्कम हवेत. जुन्या लोखंडी रिंगा पावसात ओल्या झाल्या की ब्रेक नीट लागत नाही. हे विसरू नका.

निगा

घरी पंप ठेवा. दोन इंची टायरात एकट्या माणसाला साधारण ३० ते ४५ पौंड हवा पुरते. ओझे असेल, तर मागच्या चाकात थोडी जास्त भरा. टायरवर लिहिलेल्या आकड्याच्या वर कधी जाऊ नये.

रुंद टायर दगडाला भारी, पण काट्याला नाही. बाभळीचा काटा आणि सराटा त्यालाही टोचतो. पंक्चर काढल्यावर टायरच्या आतून हात फिरवा, पण जपून. काटा आतच राहिला, तर नवी ट्यूबही फुटेल.

मुलीसाठी सायकल

मुलीला शाळेसाठी सायकल घेत असाल, तर तिलाच दुकानात न्या. उभे राहिल्यावर मधला दांडा अंगाला टेकू नये. पायडल खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहावा. “पुढे वाढेल,” म्हणून मोठी सायकल घेऊ नका. खडीवर तोल जातो. मग मुलगी पडते, भिते, आणि कधी कधी शाळाही सुटते. गरजू मुलींना सायकलीसाठी राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून मदत मिळत आली आहे. त्याची चौकशी शाळेत करा.

तर बंधू-भगिनींनो, दुकानदार स्प्रिंग दाखवील. तुम्ही खाली बसा आणि टायर वाचा. “मामा, काय वाचता?” असे तो विचारील. सांगा, “आमची वाट यात मावते का, ते वाचतोय.”

आता सांगा पाहू:
१. तुमच्या रोजच्या वाटेवर खडी किती, डांबर किती?
२. बारीक टायरात हवा कमी ठेवली तर काय होते?
३. घरातल्या सायकलीच्या टायरवर कोणते आकडे आहेत? वाचा आणि वहीत लिहा.