गोखले संस्थेत शिकायचंय? अर्ज करण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : अर्थशास्त्र शिकायचं तर पुण्याची गोखले राज्यशास्त्र व अर्थशास्त्र संस्था हे मोठं नाव. हे गोखले म्हणजे आपल्या गुहागर तालुक्यातल्या कोतळूकला १८६६ साली जन्मलेले नामदार गोपाळ कृष्ण गोखले. त्यांच्या भारत सेवक समाजाने १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून ही संस्था सुरू केली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी वाई तालुक्यातल्या शेतीच्या जमाखर्चाची पाहणी केली होती. खेड्याचा अभ्यास इथे जुनाच.

१९९३ पासून हे अभिमत विद्यापीठ आहे. म्हणजे पदवी संस्था स्वतः देते आणि प्रवेशही वेगळा. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजचा फॉर्म इथे चालत नाही. बी.एस्सी., एम.एस्सी. आणि पीएच.डी. करता येते. या विषयात गणित लागतं. त्यामुळे अकरावीला गणित सोडण्याआधी प्रवेशाच्या अटी नीट पाहा.

खरा प्रश्न फीचा. काही सरकारी शिष्यवृत्त्या अभिमत विद्यापीठांना लागू नसतात. आपल्याला कोणती मिळेल, वसतिगृहाचा खर्च किती, हे संस्थेला लेखी विचारा आणि मगच पैसे भरा. माहिती अधिकृत वेबसाइटवरूनच घ्या, एजंटकडून नको.