ताऱ्याचं तेज, ताऱ्याचा रंग

ग्रीक ज्योतिर्विद हिप्पार्कसने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात ताऱ्यांची तेजानुसार प्रतवारी लावली, असं मानलं जातं. सर्वांत ठळक तारे पहिल्या प्रतीचे, जेमतेम दिसणारे सहाव्या. १८५६ मध्ये नॉर्मन पॉगसनने या अंदाजाला गणितात बसवलं: पाच प्रतींचा फरक म्हणजे तेजात १०० पट फरक. म्हणजेच एका प्रतीला सुमारे २.५१२ पट. आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी. म्हणून व्याधाची प्रत उणे १.४६.

रंगही आकड्यांतच मोजतात. १९५३ मध्ये जॉन्सन आणि मॉर्गन यांनी जंबुपार, निळा आणि दृश्य अशा तीन फिल्टरांची पद्धत रूढ केली. निळ्या फिल्टरमधल्या प्रतीतून दृश्य फिल्टरमधली प्रत वजा केली, की मिळतो वर्णांक. मृग नक्षत्रातल्या निळसर राजन्याचा वर्णांक शून्याच्या आसपास, तर तांबूस काक्षीचा सुमारे १.८. वर्णांकावरून पृष्ठभागाचं तापमान ताडता येतं: राजन्य सुमारे १२,००० केल्व्हिन, काक्षी जेमतेम ३,५००.

हीच काक्षी फेब्रुवारी २०२० मध्ये १.६ प्रतीपर्यंत मंदावली. एरवी ती ०.५ च्या आसपास असते. ताऱ्यानेच बाहेर फेकलेल्या वायूपासून बनलेली धूळ आड आली होती, असा निष्कर्ष पुढे निघाला.

मोजणाऱ्याला वातावरणाचाही हिशेब ठेवावा लागतो. क्षितिजाजवळ तारा मंद आणि तांबूस दिसतो, म्हणून त्याची तुलना शेजारच्या, प्रत ठाऊक असलेल्या ताऱ्याशी करतात.