कच्चे सोयाबीन गायीला विषारी असते काय?

कच्चे सोयाबीन जनावराला विषासमान असते आणि ते उकडल्याशिवाय आंबोणात घालूच नये, हे विधान मराठवाडा-विदर्भाच्या सोयाबीन पट्ट्यात वारंवार ऐकू येते. त्याचा उगम खऱ्या शास्त्रात आहे, परंतु ते शास्त्र भलत्याच प्राण्याला लावले गेले आहे. कच्च्या सोयाबीनवर उंदरांची वाढ खुंटते आणि शिजवलेल्यावर ती नीट होते, असे ऑस्बोर्न व मेंडेल यांनी १९१७ मध्ये दाखवले. पुढे कुनिट्झ यांनी १९४५ मध्ये सोयाबीनमधील ट्रिप्सिन-रोधक, म्हणजे प्रथिने पचवणाऱ्या ट्रिप्सिन या विकराला अडवणारे द्रव्य, स्फटिकरूपात वेगळे केले. मात्र उंदीर, कोंबडी, डुक्कर हे रवंथ करणारे प्राणी नव्हेत. प्रौढ गायी-म्हशींच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या चार कप्प्यांपैकी सर्वांत मोठ्या कप्प्यात, सूक्ष्मजीव हे द्रव्य बव्हंशी मोडून टाकतात. ज्या वासराचे कोटीपोट अद्याप विकसित झालेले नाही, त्याला मात्र कच्चे सोयाबीन देऊ नये.

मग दावे तोडून सोयाबीनच्या ढिगावर गेलेली गाय दगावते ती का, असा प्रश्न यावर हमखास येतो. ती दगावते ती मात्रेमुळे: एकाच वेळी पोटात गेलेल्या अफाट प्रथिनांपासून अमोनिया इतक्या वेगाने तयार होतो की यकृताला तो निकामी करता येत नाही. हा विषाचा पुरावा मानणे म्हणजे कारणाचा शोधच थांबवणे होय.

खरी मर्यादा तेलाची आहे. दाण्यात सुमारे १८ ते २० टक्के तेल असते, आणि आहारातील एकूण स्निग्धांश शुष्क पदार्थाच्या ६ ते ७ टक्क्यांवर जाऊ नये, असे अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेची २००१ ची शिफारस सांगते. कारण जास्त तेलाने तंतुमय चाऱ्याचे पचन मंदावते. ६ टक्के धरल्यास रोज १२ किलो शुष्क पदार्थ खाणाऱ्या गायीला ही मर्यादा ७२० ग्रॅमची पडते, त्यातील निम्मा वाटा चारा व इतर खुराकातूनच येतो, म्हणून एक किलो भरडा सामावतो आणि दोन किलो सामावत नाही. जास्त सोयाबीन म्हणजे जास्त दूध, हा समज येथेच कोसळतो.

भाजल्याने विष जाते म्हणून नव्हे, तर प्रथिनांचा मोठा भाग कोटीपोटात न मोडता पुढे आतड्यात पचतो, म्हणून भाजणे लाभाचे ठरते. कच्च्या सोयाबीनसोबत युरिया चालतो, हे साफ चूक आहे, कारण दाण्यातील युरिएज हे विकर त्याचे झपाट्याने अमोनियात रूपांतर करते. बुरशी लागलेले दाणे उकडल्याने निर्धोक होतात, हेही खरे नाही: अफ्लाटॉक्सिन हे बुरशीजन्य विष उकडण्याने नष्ट होत नाही आणि त्याचा अंश दुधात उतरतो.