औद्योगिक होज नळ्यांमधील बिघाड व त्याचा प्रतिबंध : सेनगाव तालुक्याच्या संदर्भात

प्रस्तावना :

हिंगोली जिल्ह्यातील सेनगाव हा शेतीप्रधान तालुका आहे. सोयाबीन व हळद ही येथील महत्त्वाची पिके होत. या परिसरात औद्योगिक होज नळी कारखान्यापेक्षा शेतशिवारात अधिक दिसते. ट्रॅक्टरचा हायड्रॉलिक पलटी नांगर, उचलती ट्रॉली, खोदकामाचे यंत्र, फवारणीपंप आणि हळद शिजवण्याच्या बॉयलरची वाफनळी ही तिची परिचित रूपे आहेत. नळी 'अचानक फुटली' असे म्हटले जाते. वस्तुतः बहुतेक बिघाडांची पूर्वचिन्हे आधीच दिसत असतात. ती ओळखून प्रतिबंध कसा करावा, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

रचना व दाबमर्यादा :

होज नळीचे तीन थर असतात. आतील थर द्रवाला धरून ठेवतो, मधली तारेची वा धाग्याची वीण दाब पेलते आणि बाह्य आवरण विणीचे रक्षण करते. हायड्रॉलिक नळीचा स्फोटदाब सामान्यतः कार्यदाबाच्या चौपट, तर वाफनळीचा दहापट ठेवला जातो. हे अंतर दाबाचे धक्के व झीज यांसाठी राखलेले असते. जास्त भार टाकण्याची ती मुभा नव्हे.

बिघाडाची कारणे :

१) अयोग्य निवड : १४ ऑगस्ट २००२ रोजी अमेरिकेतील मिसूरी राज्यात फेस्टस येथे रेल्वे टँकरमधून क्लोरीन उतरवताना नळी फुटली. सुमारे ४८,००० पौंड क्लोरीन बाहेर पडला व ६३ व्यक्तींना वैद्यकीय तपासणी घ्यावी लागली. नळीची वीण हॅस्टेलॉय सी-२७६ या मिश्रधातूची असणे आवश्यक होते. प्रत्यक्षात ती स्टेनलेस स्टीलची होती. दिसण्यात दोन्ही सारख्याच. तेलाची वा पाण्याची नळी वाफेला जोडणे ही याच जातीची चूक होय.

२) सदोष जोडणी : नळीला पीळ पडणे, ठरावीक त्रिज्येपेक्षा तीव्र वळण देणे, किंवा ती ताणून बसवणे यांमुळे वीण थकते. दाबाखाली नळीची लांबी किंचित बदलते. म्हणून थोडी ढील आवश्यक असते.

३) वार्धक्य : ऊन, उष्णता व ओझोन यांमुळे रबर कडक होऊन त्यास भेगा पडतात. हंगामी यंत्रांच्या बाबतीत ही बाब विशेष महत्त्वाची ठरते. मराठवाड्याच्या उन्हात उघड्यावर उभे असलेले यंत्र काम करीत नसले, तरी त्याची नळी जुनी होतच असते. वाफनळीत साचलेले पाणी पुन्हा वाफ सोडताच एकदम उकळून आतील थर सोलते.

प्रतिबंधक उपाय :

हंगामापूर्वी यंत्र बंद करून व दाब उतरवून प्रत्येक नळी तपासावी. फुगवटा, भेगा, उघडी पडलेली तार, जोडाजवळील ओल आणि घासल्याच्या खुणा यांपैकी एकही चिन्ह आढळल्यास नळी बदलावी. वापरानंतर वाफनळीतील पाणी काढून टाकावे. नळीवर छापलेला कार्यदाब व निर्मितीचा काळ नोंदवहीत लिहून ठेवावा. डीआयएन २००६६ हे जर्मन मानक हायड्रॉलिक नळीचे आयुष्य साठवणुकीच्या कमाल दोन वर्षांसह सहा वर्षे मानते. ऐन हंगामात मिळेल ती नळी बसवण्याऐवजी योग्य मापाची नळी आधीच सावलीत जपून ठेवणे श्रेयस्कर.

गळती हाताने कधीही चाचपू नये. पुठ्ठ्याचा तुकडा वापरावा. सुईच्या छिद्रातून येणारी तेलाची धार कातडी भेदून आत शिरते. जखम किरकोळ दिसली, तरी आतील ऊती नष्ट होऊ शकतात. अशा रुग्णास शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात तात्काळ हलवावे व इजा तेलाच्या दाबाने झाल्याचे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे.

समारोप :

होज नळी हा यंत्राचा कायमस्वरूपी भाग नसून ठरावीक मुदतीने बदलावयाचा भाग आहे. ही दृष्टी रुजल्यास हंगामातील खोळंबा टळेल आणि यंत्राजवळ राबणाऱ्या मजुराचे हात व डोळे सुरक्षित राहतील. ग्रामीण महाविद्यालयांतील विज्ञान विभागांनी व राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांनी हंगामपूर्व तपासणीचा विषय हाती घेतल्यास हे ज्ञान शिवारापर्यंत पोहोचू शकेल.