आकाशात ऐकायचं कुणाचं?

मागच्या भागानंतर पारनेरच्याच एका श्रोत्यानं विचारलं, "गच्चीवरून बघताना दोन विमानं एकमेकांना छेदून गेल्यासारखी दिसतात. ती धडकत कशी नाहीत?"

बहुतेक वेळा त्यांच्यात किमान 1,000 फुटांचा खाली-वर फरक असतो. तो जमिनीवरचा नियंत्रक राखतो. पण चूक होते. 12 नोव्हेंबर 1996 ला हरियाणात चरखी दादरीजवळ कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरलं आणि सौदी विमानावर आदळलं. 349 माणसं गेली. त्यानंतर भारतात 'टीकॅस' सक्तीचं झालं.

हे यंत्र आसपासच्या विमानांच्या ट्रान्सपाँडरला सतत विचारत असतं: कुठे आहेस, किती उंचीवर? आधी आवाज येतो, "ट्रॅफिक, ट्रॅफिक". तेव्हा पायलटनं फक्त सावध व्हायचं. टक्कर साधारण 15 ते 35 सेकंदांवर आली, की थेट आज्ञा: "क्लाइम्ब" किंवा "डिसेंड". अरुंद बोळात समोरासमोर आलेली दोन माणसं एकाच बाजूला सरकतात, बघा! तसं होऊ नये म्हणून दोन्ही यंत्रं आपसात ठरवतात, एकानं वर, दुसऱ्यानं खाली.

आता खरी कसोटी. यंत्र म्हणतंय वर जा, नियंत्रक म्हणतोय खाली ये. ऐकायचं कुणाचं?

1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीत यूबरलिंगेनवर हेच घडलं. रशियन पायलटांनी नियंत्रकाचं ऐकलं, मालवाहू विमानानं टीकॅसचं. दोघंही खाली आले. 71 जण गेले, त्यांत कितीतरी शाळकरी मुलं होती. एकानंच यंत्राचं ऐकलं, तर दोघांत ठरलेलं मोडतं. म्हणून आता नियम पक्का आहे: टीकॅसची आज्ञा आधी. पायलटनं 5 सेकंदांत विमान वर किंवा खाली न्यायला लागायचं, नियंत्रकाला "टीकॅस आरए" एवढं कळवायचं आणि त्यानंतर नियंत्रकानंही उलट सूचना द्यायची नाही.

फेब्रुवारी 2018 मध्ये मुंबईच्या हवाई हद्दीत भोपाळला निघालेलं एअर इंडियाचं आणि पुण्याला येणारं विस्ताराचं विमान असंच जवळ आलं. उंचीतला फरक सुमारे 100 फूट उरला, असं तेव्हाच्या बातम्यांत होतं. एअर इंडियाच्या कॅप्टन अनुपमा कोहली यांनी टीकॅसची आज्ञा पाळली. सगळे सुखरूप उतरले.

तर दादा, उत्तर हे असं. वर्षानुवर्षं नियंत्रकाचं ऐकायची सवय लागलेल्या माणसानं, त्या काही सेकंदांत ती सवय बाजूला ठेवायची असते. भेटू पुढच्या भागात!